पोस्टाच्या पेटीवरचा गणपती

फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. लंडनमधल्या एका कंपनीत मी सोळा वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर होतो. एका मंगळवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर एका अतिशय नम्र मुलीनं मला सांगितलं, की माझी भूमिका रिडंडन्ट झाली आहे. माझ्याबद्दल कुणाची काहीच तक्रार नव्हती, असं तिनं दोनदा सांगितलं. कॉल बंद करताना मी तिचे आभार मानले. हे मला अजून खटकतं.

पुढचे दोन महिने मी घर मॅनेज केलं. लंडनच्या कडेला पिनरमधल्या आमच्या घरात माणसं तीन. बायको हॉस्पिटलात फार्मसिस्ट, मुलगी सतरा वर्षांची आणि ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, अभ्यासात, आणि मी. मी मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली. डिशवॉशर कसा भरावा याची आकृती काढून फ्रिजवर चिकटवली. मुलीच्या रिव्हिजनचा लाल-पिवळा-हिरवा चार्ट केला आणि तो तिला ईमेलनं पाठवला, ती शेजारच्या खोलीत असताना. शेवटी एका संध्याकाळी बायको शांतपणे म्हणाली, "हे बघ, तू आमचा बॉस नाहीयेस. आणि मी दहा मिनिटं हिंग शोधतेय. तो कुठल्या कॅटेगरीत टाकलायस?"

हिंग मी ‘क्वचित लागणारे’मध्ये टाकला होता.

खरं सांगायचं तर मला बसवत नव्हतं. सोफ्यावर टेकलो की गुडघा हलायला लागायचा, हात फोनकडे जायचा, फोनमध्ये काही नसायचं, मग मी उठून कुठला तरी खण उघडायचो. छातीत सारखं काहीतरी धावत असल्यासारखं वाटायचं. डॉक्टरनं रक्तदाब मोजला, भुवया उंचावल्या आणि काही छंद आहे का विचारलं. मी "वाचन" म्हणालो. छंद नसलेली माणसं तेच सांगतात.

एप्रिलमध्ये नागपूरहून माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. वय शहात्तर, मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण म्हणून निवृत्त. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी आमच्यात संभाषण असं फारसं झालेलं नव्हतं. मी त्यांना आई म्हणतो. त्या मला अहो म्हणतात आणि पोळी वाढताना आणखी एक टाकतात. जावई हा ताटापुरता प्राणी असतो, घरात दिवसभर बसलेला जावई त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. मी नोकरी गेल्याचं सांगायचं टाळत होतो. पहिल्याच सकाळी त्यांनी नातीला विचारलं, "बाबा आज ऑफिसला नाही गेले?"

"आजी, बाबाचा नोकरी गेला," माझी मुलगी सीरियल खाता खाता म्हणाली. तिच्या मराठीत लिंग कुठलंही चालतं.

"नोकरी गेली," सासूबाईंनी दुरुस्ती केली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चहा घेता का आणखी?" आणि विषय संपला.

त्यांच्या बॅगेत एक कापडी पिशवी होती, तिच्यात दोरे, लोकरीचे गुंडे आणि क्रोशाच्या सुया. आठवड्याभरात आमच्या घरातल्या वस्तूंना झाकणं यायला लागली. आधी टीव्हीच्या रिमोटला, मग वाय-फायच्या राउटरला, मग टॉयलेट रोलला. एके दिवशी माझ्या लॅपटॉपला पांढरा जाळीदार रुमाल घातलेला दिसला, एखाद्या हार्मोनियमला असतो तसा.

मी दिवसभर घरात, सासूबाईही घरात. बायको आणि मुलगी सकाळी गेल्या की आम्ही दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसायचो. त्या विणायच्या, मी उठायचो, बसायचो, उठायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, काहून उठता सारखे? माझे टाके चुकतात."

मी सॉरी म्हणालो.

"त्यापेक्षा मोजून द्या. या काळ्या लोकरीत मला टाके दिसत नाहीत. दर ओळीत चौऱ्यांशी पाहिजेत."

मोजणं मला येतं. मी मोजले, एक्क्याऐंशी भरले. कुठे चुकलं तेही मी शोधून दिलं, तीन ओळी खाली. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं. असं आठवडाभर मी मोजत राहिलो, आणि एका दुपारी त्यांनी न विचारता माझ्या हातात सुई आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा दिला.

क्रोशात पहिल्यांदा साखळी शिकतात. दोऱ्याचा फास करायचा, सुईनं दोरा त्यातून ओढायचा, की एक कडी. मग तिच्यातून दुसरी. इतकंच. माझी पहिली कडी व्हायला पंचवीस मिनिटं लागली. मला घाम आला होता. सासूबाई म्हणाल्या, "सुई स्टिअरिंगसारखी नका धरू. पेनासारखी धरा." मग जमलं. एकदा जमल्यावर मी थांबलोच नाही. दुसरी ओळ कशी वळवायची ते विचारायला मला संकोच वाटत होता, म्हणून मी नुसती साखळीच करत राहिलो. तीन दिवसांत ती सोफ्यापासून बाहेरच्या दारापर्यंत पोचली. संध्याकाळी बायको दारातून आत आली, जमिनीवरून सरपटत गेलेली पिवळी दोरी तिनं नजरेनं माझ्या मांडीपर्यंत पाहिली, आणि एक शब्द न बोलता वर कपडे बदलायला गेली. नंतर तिनं सांगितलं, की वर जाऊन ती बहिणीशी फोनवर बोलली आणि दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या.

पण त्या तीन दिवसांत मी एकही खण उघडला नव्हता. हे माझ्याही लक्षात नंतर आलं. साखळीनंतर खांब आले, म्हणजे उभे उंच टाके, आणि मला एक गोष्ट कळली, की टाका मोजताना दुसरं काही मोजता येत नाही. बाराव्या खांबावर असताना आपण ‘त्या मीटिंगमध्ये मी गप्प का बसलो’ असा विचार केला, की तेरावा खांब चौदाव्याच्या जागी जातो. लोकर लगेच दाखवते. सोळा वर्षांत एकाही रिपोर्टनं मला माझी चूक इतक्या लवकर दाखवली नव्हती.

आणि आम्ही बोलायला लागलो. समोरासमोर बसून आम्हाला कधी जमलं नसतं, पण दोघांच्याही नजरा आपापल्या मांडीवर असल्या की जमत होतं. मी एकदा विचारलं, "आई, तुम्ही हे सगळ्या वस्तूंना कव्हरं का करता?"

त्यांनी ओळ पूर्ण केली. म्हणाल्या, "हे गेले ना, तेव्हा पहिले चार महिने मला सकाळी काय करावं तेच कळत नव्हतं. शेवटची दोन वर्षं मीच त्यांच्या शर्टाची बटणं लावायची, त्यांची बोटं चालत नव्हती. रोज सकाळी सात बटणं. मग एकदम ते काम नाही. हात आपले तयार होऊन बसायचे. तर मी मिक्सरला कव्हर केलं. मग टेबलफॅनला. मग शेजारणीच्या मिक्सरला. ती बिचारी घ्यायची." मग म्हणाल्या, "रडू यायचंच. पण विणताना रडलं की टाके ओढले जातात, घट्ट होतात. म्हणून मग विणून झाल्यावर रडायची."

मी माझी ओळ पूर्ण केली आणि म्हणालो, की ऑफिसमधून शेवटच्या दिवशी आणलेला खोका मी अजून उघडला नाहीये, गॅरेजमध्ये आहे. त्या म्हणाल्या, "राहू द्या तिथे. खायला मागत नाही ना?"

मे महिन्यात मला एक इंटरव्ह्यू आला, व्हिडिओवर. मी शर्ट-टाय घालून बसलो. हात टेबलाखाली होते आणि त्या हातांत, सवयीनं, एक अर्धवट टोपी होती. समोरच्या बाईंनी विचारलं, की अमुक तंत्रज्ञानाचा अनुभव आहे का. आधीच्या दोन इंटरव्ह्यूंमध्ये अशा प्रश्नावर मी सहा मिनिटं बोललो होतो. या वेळी मी शांतपणे "नाही" म्हणालो आणि खांब पूर्ण केला. मग त्यांनी विचारलं, ताण आला की तुम्ही काय करता? तेवढ्यात लोकरीचा गुंडा टेबलावरून घरंगळला, मी तो पकडायला गेलो, आणि स्क्रीनवर टायच्या पुढे जांभळी टोपी आणि सुई आली.

"हे करतो," मी म्हणालो.

ती नोकरी मला मिळाली नाही. पण नकाराच्या ईमेलखाली बाईंनी टोपीचा पॅटर्न कुठे मिळेल ते विचारलं होतं.

आमच्या घरापासून जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी विणकाम करणाऱ्या बायका जमतात. खिडकीतल्या पाटीवर लोकरीचं चित्र बघून सासूबाईंनी जायचं ठरवलं. त्यांना इंग्रजी समजतं पण बोलताना त्या अडतात, म्हणून दुभाष्या म्हणून मला नेलं. तिथं बारा बायका होत्या आणि त्यांच्या प्रमुख ऐंशीच्या घरातल्या एक ताठ बाई. त्याही निवृत्त हेडमास्तरीण निघाल्या. दोन हेडमास्तरणी एकमेकींना क्षणात ओळखतात. सासूबाईंनी त्यांचं विणकाम हातात घेतलं, उलटं केलं, मागची बाजू नीट पाहिली आणि परत दिलं.

"काय म्हणाल्या त्या?" प्रमुख बाईंनी मला विचारलं.

"काहीच नाही म्हणाल्या."

"हो, पण काय म्हणाल्या?"

सासूबाई मराठीत म्हणाल्या, "सांगा, समोरून छान आहे. मागून गाठी लपवल्या नाहीत."

मी सांगितलं, "समोरून फार छान आहे म्हणतात."

"त्या याहून जास्त बोलल्या," प्रमुख बाई म्हणाल्या आणि गाठी लपवायला बसल्या. पुढच्या गुरुवारी त्यांनी सासूबाईंसाठी आपल्या शेजारी उशी घातलेली खुर्ची राखून ठेवली.

हे लोक आपल्या कोपऱ्यावरच्या लाल पोस्टाच्या पेटीला विणलेली टोपी घालतात. इथे बऱ्याच गावांत घालतात. पेटीच्या डोक्यावर गोल टोपी, तिच्यावर लोकरीची चित्रं, म्हणजे इस्टरला ससे, उन्हाळ्यात आइसक्रीम. ऑगस्टच्या सुरुवातीला सप्टेंबरमध्ये काय करायचं यावर चर्चा निघाली. कुणीतरी भोपळे म्हणालं. सासूबाई मला म्हणाल्या, "सांगा त्यांना, सप्टेंबरात गणपती आहेत."

मी सांगितलं. गणपती म्हणजे काय, तेही सांगितलं. प्रमुख बाईंनी विचार केला. "हत्ती आम्ही कधी केला नाही," त्या म्हणाल्या. मतदान झालं. भोपळे हरले.

प्रोजेक्ट म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. मी चार्ट केला. अंग सासूबाई, पाट आणि टोपी प्रमुख बाई, मोदक आणि उंदीर इतर मंडळी. चार्टमध्ये सोंड कुणाच्याच नावावर पडली नव्हती, म्हणून ती मी घेतली. सोंड म्हणजे एक नळी. नळी गोल गोल विणत जायची, आणि तिला बाक यावा म्हणून एका बाजूला टाके वाढवायचे. मी तीन संध्याकाळींत सोंड पूर्ण केली, आत कापूस भरला आणि सासूबाईंना नेऊन दाखवली.

त्यांनी ती गणपतीच्या चेहऱ्याला लावून पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, ही उजवीकडे वळली."

"मग?"

"मग काय? उजव्या सोंडेचा गणपती कडक असतो. त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं. पोस्टाच्या पेटीवर कोण सांभाळणार? कुत्री जातात तिथून."

मी म्हटलं, "आई, डावी-उजवी कुणाची धरायची? गणपतीची की बघणाऱ्याची?"

"गणपतीची," त्या म्हणाल्या. "बघणाऱ्याचा काय संबंध?"

मी सोंड उसवली आणि बाक दुसऱ्या बाजूला धरून पुन्हा केली. ती सुरुवातीला डावीकडे गेली आणि टोकाला येईपर्यंत पीळ घेऊन उजवीकडे आली. तिसऱ्यांदाही तेच. माझा गणपती जणू कडकच व्हायचं म्हणत होता. गुरुवारी मी तिन्ही सोंडांची हकिगत प्रमुख बाईंना सांगितली. त्यांनी चष्मा वर केला. म्हणाल्या, गोल विणताना उजव्या हाताच्या माणसाचे टाके दर फेरीला थोडे थोडे उजवीकडे सरकतातच, तुमची चूक नाही. "तुम्हाला डावखुरं माणूस लागेल."

सासूबाईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या घरात एक डावखुरं माणूस होतं. लहानपणी ते डाव्या हातानं जेवतं म्हणून नागपूरच्या सुट्टीत दर जेवणाला वाद होत असे.

माझी मुलगी त्या वेळी खोलीत दार लावून निकालाची वाट बघत होती. तिचं खाणं कमी झालं होतं. विचारलं की "आय ॲम फाइन" म्हणायची, आणि ते ‘फाइन’ ऐकून बायकोची झोप उडायची. सासूबाईंनी दार वाजवलं आणि सुई-लोकर घेऊन सरळ आत गेल्या. मी दाराशी उभा होतो.

"मला नाही येणार, आजी. माझी हात उलटी आहे."

"माझा हात," आजी म्हणाल्या. "आणि उलटाच पाहिजे. समोर बस. शेजारी नको, समोर. मी आरसा आहे असं समज."

डावखुऱ्याला समोर बसवून शिकवायचं, हे त्यांना कसं माहीत असा प्रश्न मला पडला. नंतर त्यांनी सांगितलं, शाळेत त्यांनी कित्येक मुलींच्या डाव्या हातातली पाटी काढून उजव्या हातात दिली होती, आणि मग एका मुलीनं भरतकाम उजव्या हातानं करायला साफ नकार दिला. तिला शिकवताना हे सापडलं. "त्या आधीच्या मुलींचं मात्र राहून गेलं," त्या म्हणाल्या.

मुलीला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती खोलीबाहेर येऊन आमच्या सोफ्यावर मधे बसली, आणि आम्ही तिघं ओळीनं विणत होतो. विणता विणता ती म्हणाली, की तिला ग्रेड्सची भीती वाटत नाहीये, नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात जाऊन एकटं पडायची वाटतेय. हे तिनं सुईकडे बघत सांगितलं. मी सल्ला द्यायला तोंड उघडलं. सासूबाईंनी न बघता माझ्या पायाला पाय लावला. मी तोंड मिटलं. मग मुलगी आणखी बरंच बोलली. त्या संध्याकाळी तिनं तीन पोळ्या खाल्ल्या. बायकोनं स्वयंपाकघरातून तिसरी मोजली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला एक क्षण मीच काहीतरी केल्यासारखं वाटलं.

सोंड डावीकडे वळली, अगदी सुरेख.

गणेश चतुर्थीच्या सकाळी आम्ही सगळे कोपऱ्यावर जमलो. चर्चमधल्या बाराही बायका आल्या होत्या, एकीनं साडीचा रंग म्हणून नारंगी रेनकोट घातला होता. प्रमुख बाईंनी शिडीवर चढायचा हट्ट धरला, मी शिडी धरली. पेटीवर गणपती बसला. जरा पोट सुटलेला, डोळे किंचित तिरळे, पण प्रसन्न. उंदीर मात्र सशासारखा झाला होता. त्या बायकांच्या हाताला इस्टरची सवय होती. सासूबाईंनी कुंकवाचं बोट लावलं, आम्ही हळू आवाजात आरती म्हटली. एक आजोबा पत्र टाकायला आले, आरती संपेपर्यंत टोपी काढून थांबले आणि मग पत्र टाकून गेले.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. लोकर पाणी किती पिते ते मी चार्टमध्ये धरलं नव्हतं. दुपारी आम्ही जाऊन पाहिलं तर गणपती दुप्पट जड होऊन पुढे वाकला होता आणि सोंड थेट पत्र टाकायच्या फटीत गेली होती. पोस्टमन पेटीपाशी उभा राहून विचार करत होता. "यांना हलवू का?" त्यानं मला विचारलं. इतक्या आदरानं, की मी पटकन "मी हलवतो" म्हणालो. मी दोन्ही हातांनी गणपती उचलला, सासूबाईंनी आमच्या दोघांवर छत्री धरली आणि आम्ही तो प्रमुख बाईंच्या घरी नेला, कारण त्यांचं घर सगळ्यांत जवळ आणि त्यांच्याकडे गरम पाण्याच्या टाकीचं, कपडे वाळवायचं ऊबदार कपाट. तिथे टॉवेलवर तो चार दिवस वाळत बसला.

पाचव्या दिवशी परत न्यायला गेलो, तर त्याच्यापुढे बशीत दोन बिस्किटं ठेवलेली. "काय खातात ते मला नक्की माहीत नव्हतं," प्रमुख बाई म्हणाल्या. "रोज बदलत होते." सासूबाईंनी ते ऐकलं आणि बावीस वर्षांत मी ऐकलं नव्हतं इतकं लांब इंग्रजी वाक्य त्या स्वतः बोलल्या, "यू डिड करेक्ट. ही लाइक्स स्वीट."

मुलीला हवे ते ग्रेड मिळाले आणि सप्टेंबरअखेर ती नॉटिंगहॅमला गेली. ऑक्टोबरमध्ये सासूबाई परत गेल्या. विमानतळावर मी काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो, दोन वाक्यं मनात तयार केली होती. त्या म्हणाल्या, "निघा आता, उशीर होईल," आणि माझ्या हातावर त्यांची साडेतीन नंबरची सुई ठेवून आत गेल्या. मी गाडीत येऊन बराच वेळ बसलो. रडलो म्हणायला हरकत नाही.

नोव्हेंबरमध्ये मला एका छोट्या संस्थेत काम मिळालं, आठवड्यातून चार दिवस. गुरुवारची सुट्टी मी मागून घेतली. मी काही साधू झालेलो नाही. अजून चिडतो, अजून कधीतरी उगाच खण उघडतो, आणि गॅरेजमधला खोका आहे तिथेच आहे. पण संध्याकाळी तासभर सुई हातात असली, की बायकोच्या मते मी ‘माणसांत’ असतो.

नाताळाच्या टोपीवर बाळ येशूला बघायला तीन राजे उंटांवरून येतात, ते तीन उंट प्रमुख बाईंनी मला विणायला दिलेत. दोन झाले. तिसरा मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये विणतो. परवा समोरच्या सीटवर सुटाबुटातला एक माणूस हॅरो स्टेशनपासून माझ्या हातांकडे बघत होता. इथे ट्रेनमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. फिंचली रोड आल्यावर त्याला राहवलं नाही.

"कुत्रा आहे का?"

"उंट," मी म्हणालो.

त्यानं एक स्टेशन विचार केला. उतरताना म्हणाला, "पाय लांब करा."

मी उंट सीटवर उभा करून पाहिला. त्याचं बरोबर होतं. चारही पाय उसवले आणि पुन्हा सुरू केले.